घरी आणणारी गाडी

"दोन किल्ल्यांतली एक माझ्याकडं राहील," हेरेकरबाई म्हणाल्या. "गैरसमज करून घेऊ नका."

माझे यजमान, मगदूम, त्या पांढऱ्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बाईंचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय, असा त्याचा अर्थ.

"गाडी विकल्यावर किल्ली ठेवून काय करणार?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आत खिळ्याला अडकवीन. बैल विकतो तेव्हा त्याचं दावं देतो का आपण घेणाऱ्याला? दावं घरीच ठेवायचं. नाहीतर गोठा ओस पडतो."

मला ते एकदम पटलं. मी शेतकऱ्याच्या घरातली. बैल विकला की आमचे अप्पा गळ्यातलं दावं सोडून खुंटीला टांगत, आणि घेणारा आपलं नवं दावं घेऊन येई. मी म्हटलं, "अहो, राहू दे की एक किल्ली. रीतच आहे ती. आपल्याला दुसरी आहे ना?"

"गणिताच्या बाईंनी सांगितलं म्हणजे झालंच," मगदूम म्हणाले.

ते नाराज होते, आणि त्यांची नाराजी लपत नसे. कारण त्यांचं मन त्या गाडीवर नव्हतंच. ते सकाळीच गडहिंग्लजला रफिक मुल्लाच्या गॅरेजात एका लाल जीपमध्ये अडकलेलं होतं.

गोष्ट बरीच जुनी आहे. आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मी गडहिंग्लजच्या शाळेत गणित शिकवत होते आणि वीज मंडळानं मगदूमांना सावंतवाडीला टाकलं होतं. शनिवारी अर्धा दिवस भरून ते निघायचे, आंबोलीचा घाट चढून, आजऱ्यावरून घरी. आम्ही जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. एसटीच्या भरवशावर ते कधी वेळेत पोचत नसत. मी ताट झाकून फाटकाशी उभी. घाटात दरड कोसळली, झाड पडलं, बस बंद पडली, या बातम्या नेमक्या शनिवारीच का येतात कोण जाणे. त्यात मला दिवस गेलेले. मला बाकी काही नको होतं. हा माणूस शनिवारी उजेडी घरात दिसावा, एवढंच.

मगदूमांना मात्र गाडी हवी होती ती मजेसाठी. रफिकची जीप म्हणजे लालभडक, टप काढून टाकलेला, टायर ट्रॅक्टरला शोभतील असे, आणि हॉर्न दाबला की लग्नातली सनई वाजावी तसं काहीतरी वाजायचं.

"वैनी, ही गाडी न्हाई, वाघ हाय वाघ," रफिक सकाळी म्हणाला होता.

"मग वाघ चालू का होत नाहीये?"

"बंद केली की जरा धक्का लागतोय एवढंच. चालू ठिवली तर दिल्लीला जाईल."

मगदूमांनी बाह्या सरसावून ती जीप सगळ्या गल्लीभर ढकलली होती. परत आले ते घामाघूम, पण डोळे असे चमकत होते की मला त्यांचा रागही आला आणि प्रेमही.

"हिच्याशी बोलावं लागतं बघ," ते म्हणाले. "चुचकारावं लागतं. गाडी चालवायची म्हणजे मजा आली पाहिजे. नाहीतर एसटी काय वाईट?"

"मजा तुम्ही करा. वाट मी बघते," मी म्हटलं.

"बरं बाई, तुझी गणिताची गाडी बघू," म्हणून ते मुकाट्यानं माझ्याबरोबर पारेवाडीला आले.

पारेवाडीचा फाटा आजरा आणि आंबोलीच्या मध्ये लागतो. फाट्यावरून आत गेलं की उतारावर जांभ्या दगडाचं एक नीटनेटकं कौलारू घर, आणि मागं फणसांची दाटी. आजूबाजूला दुसरं घर नाही. हेरेकर वकील दोनेक वर्षांपूर्वी वारले, त्यांची गाडी पडून आहे, असं आम्हाला ओळखीतल्या एकानं सांगितलं होतं. म्हणून बाईंच्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू बघून मी जराशी चरकले. पण मनात म्हटलं, लावलं तर लावलं, कुणाच्या बापाचं काय जातंय?

गाडीत बघण्यासारखं काही नव्हतं. चार दारं, पांढरा रंग, स्वच्छ काचा. मगदूमांनी किल्ली फिरवली आणि ती चालू झाली. खोकली नाही, हादरली नाही. ते जरा हिरमुसलेच.

"रोज चालवतं का कुणी?" त्यांनी विचारलं.

"कोण चालवणार? उभीच असते."

मी बॉनेटवर हात ठेवला. तो कोमट होता. गाडी सकाळपासून छपराखाली सावलीत होती आणि आत्ता कुठं चालू झाली होती. "पत्रा आहे, तापतो," मगदूम म्हणाले, आणि मी मान हलवली.

"एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही," बाई म्हणाल्या. "वकिलांना रोज दिवेलागणीला घरी आणलं हिनं. शेवटच्या दिवशीसुद्धा."

त्या एका वाक्यावर मी गाडी घेतली. बाईंनी एक किल्ली आम्हाला दिली आणि दुसरी पदराच्या टोकाला बांधून टाकली.

सुरुवातीचे शनिवार सोन्यासारखे गेले. ऊन भिंतीवर असतानाच गाडी दारात यायची. आम्ही एकत्र जेवायचो, आणि मी दोन-तीनदा तरी म्हणून दाखवायची, "बघा, म्हटलं नव्हतं?" मगदूम हो हो म्हणायचे. पण गाडीविषयी बोलायचे नाहीत. शिट्टीवर गाणी म्हणत घरात शिरणारा हा माणूस. ती शिट्टी बंद झाली.

"काय बिघडलंय तिचं?" मी एकदा विचारलं.

"काहीच बिघडत नाही गं. तेच तर. हिला माझी गरजच नाही. वळण दिसायच्या आत स्टिअरिंग वळतं. मी आपला आत बसलेला असतो."

"मग बरंच आहे की. आराम."

"हो. आराम," ते म्हणाले, आणि जेवत राहिले.

पुढं त्यांना उशीर व्हायला लागला. दिवस मावळून दिवा लावला की गाडी यायची. त्याच्या आधी नाही. मी स्वतः जेवून घेतलेलं असायचं, कारण पोटातल्या जीवाला उपाशी ठेवता येत नाही. त्यांचं ताट तसंच झाकलेलं. एका शनिवारी मी म्हटलं, "थोडी फळं तरी खा."

"भूक नाही. जेवलोय मी."

"कुठं जेवलात?"

त्यांनी फार वेळ विचार केला. "जेवलोय एवढं खरं," ते म्हणाले.

मी तांब्या देताना त्यांचा हात माझ्या चेहऱ्याजवळ आला आणि मी मागं सरकले. हाताला माशांचा वास येत होता. आमच्या घरात कधी अंडं आलेलं नाही, कांदा-लसूणसुद्धा बेतानंच. आणि हा माणूस कुणाच्या तरी हातचं मासळीचं कालवण बोटं चाटून जेवून आला होता.

मला जे वाटायचं तेच वाटलं. कुठल्याही बाईला वाटलं असतं. मी रडले, भांडले, तोंडाला येईल ते बोलले. "सावंतवाडीत कोण आहे तुमची? सरळ सांगून टाका, मी अप्पांकडं निघून जाते."

मगदूम बोटांचा वास घेत उभे होते. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते.

"कोणी नाही गं. आंबोलीचा धबधबा आठवतो मला. मग एकदम आपलं फाटक. मधला रस्ता आठवतच नाही."

"बरा विसरता!"

"खरंच सांगतो."

मग ते मोरीत गेले आणि साबणानं हात धूत राहिले, कातडी लाल होईपर्यंत. ते बघून माझं रडू थांबलं, आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. सवत परवडली असती असं मला वाटलं. सवतीशी भांडता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी धुवायला घेतली. वायपरच्या खाली भाकरीचा तुकडा अडकलेला होता. पुढच्या चाकांवर कुणीतरी पाणी ओतल्याचे ओघळ होते, धूळ बाजूला सारून खाली गेलेले. आमच्याकडं लांबून घरी आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि पाणी ओततात. वाटेतलं काही बरोबर आलं असेल तर ते उंबऱ्याबाहेर राहावं म्हणून. मी तर तो कधी टाकला नव्हता. मग रस्त्यात कोण ओवाळत होतं माझ्या नवऱ्याला, घरी आल्यासारखं?

मागं वळले तर मगदूम पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्या इनामदारांच्या खटल्याची तारीख कुठली पडलीय?"

"कोण इनामदार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा आणि नाव आठवू नये, तसं. मग डोळे चोळले आणि म्हणाले, "काय म्हणालो मी?"

पुढच्या शनिवारी मी फाटकाशी वाट बघत उभी राहिले नाही. मी तयारी केली. दुपारी सावंतवाडीच्या ऑफिसला फोन लावला. साहेब निघाले, असं उत्तर आलं. मी तडक रफिकच्या गॅरेजात गेले. लाल जीप अजून तिथंच होती. तिला गिऱ्हाईक मिळत नव्हतं, आणि रफिकलाही ती द्यायची घाई नव्हती.

"आंबोलीच्या रस्त्यानं न्या मला," मी म्हटलं. "साहेबांना वाटेत गाठायचंय."

"वैनी, ह्या अवस्थेत? आणि ही गाडी?"

"चालू राहिली तर दिल्लीला जाते ना? मग आजऱ्यापलीकडं चला."

त्यानं बायकोचं गोधडीसारखं जाड पांघरूण माझ्यासाठी मागच्या बाकड्यावर घातलं आणि निघाला. सगळ्या वाटेनं तो गात होता, मध्येच गाडीला शिव्या घालत होता, मध्येच तिला "माझी राणी" म्हणत होता. आजरा मागं पडला. उन्हं कलती झाली, धुकं झाडांच्या बुंध्यांशी उतरायला लागलं.

"ती बघा वैनी," रफिक एकदम म्हणाला. "तुमचीच न्हवं?"

समोरून पांढरी गाडी येत होती. आमच्यापासून थोड्या अंतरावर ती पारेवाडीच्या फाट्याला वळली. वळताना ती आडवी झाली आणि आत बसलेले मगदूम आम्हाला स्वच्छ दिसले. पाठ ताठ, डोळे उघडे, नजर समोर. दोन्ही हात मांडीवर.

स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं.

रफिकचं गाणं बंद झालं. मग तो जीप फाट्याला वळवत हळूच म्हणाला, "साहेबास्नी बरं न्हाई का?"

"तिच्या मागं चला," मी म्हटलं.

हेरेकरबाई फाटकात उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. मगदूम गाडीतून उतरले आणि फाटकाशी थांबले, सवयीनं, मान जराशी खाली घालून. बाईंनी तुकडा ओवाळून त्यांच्या मागं टाकला, तो गाडीच्या काचेवर पडला. पाणी चाकांवर ओतलं. मगदूमांनी बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि आत गेले. घरी ते बूट कुठंही भिरकावतात.

आमची जीप फाटकासमोर येऊन ब्रेक लागताच गचके खात बंद पडली. "मेली," रफिक म्हणाला. मी उतरून सरळ घरात शिरले.

मगदूम टेबलाशी बसले होते. समोर भात, त्यावर लालसर कालवण. भिंतीवर खिळ्याला किल्ली टांगलेली. बाई वाढत होत्या.

"अहो," मी हाक मारली.

त्यांनी वर पाहिलं. चेहरा तोच, पण त्यावरचं अगत्य परक्या माणसासाठी असतं तसलं.

"बसा," ते म्हणाले. "घरी मी कोर्टाचं काम घेत नाही. सोमवारी या."

मी जवळ गेले. काय करावं सुचेना, म्हणून त्यांचा डावा हात उचलून माझ्या पोटावर ठेवला. त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागं घेतला. "अहो बाई, हे काय!" ते म्हणाले, आणि ओशाळून बाईंकडं बघायला लागले. आयुष्यात मला इतकं कशानं लागलेलं नाही.

"जेवू दे त्यांना," हेरेकरबाई शांतपणे म्हणाल्या. "भुकेले असतात."

"हे माझे यजमान आहेत."

"असतील. पण मला दारात गाडी लागल्याशिवाय राहवत नाही गं. तूही वाट बघणारीच ना? मग तुला कळायला हवं."

"काय कळायला हवं?"

त्यांनी ताटात मीठ वाढलं, आमटीची वाटी सारखी केली.

"वकील गेले त्या दिवशी गाडी रोजच्या वेळेलाच दारात आली. मी ताट वाढलं. येईनात, म्हणून बघायला गेले तर आत बसलेले, हात गार. डॉक्टर म्हणाले, जीव दुपारीच गेलाय, कोर्टाच्या आवारात. मग आणलं कुणी? हिनंच की. घाटातून, धुक्यातून, बरोबर दारात. तू गाडी घेताना काय मागितलंस? घरी आणणारी. मी खोटं विकलं नाही तुला."

"आमच्या घरी आणायला नको?"

"नवी किल्ली करून नवं दावं बांधलं असतंस तर आणलं असतं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या किल्लीकडं बघितलं. "जुन्याच दाव्यानं नेलीस. ती अजून इथंच बांधलेली आहे."

मी ती किल्ली खिळ्यावरून ओढून काढली. बाई हसल्या. "घे. पण जनावराला वळण पडल्यावर दावं काय करणार?"

खरंच काही झालं नाही. मगदूमांनी पुढचा घास उचलला. मी किल्ली मुठीत घेऊन उभी होते आणि मला कळत होतं, की मी रडले, ओरडले, त्यांच्या पाया पडले तरी ते मला सोमवारीच बोलावणार.

तेवढ्यात बाहेर सनई वाजली. बेसूर, लाजिरवाणी, लग्नातली. मागोमाग रफिकचा आवाज आला.

"साहेब! ओ साहेब! जरा धक्का मारा की! का वैनीस्नी लावू ढकलायला, पोटुशी बाईला?"

मगदूमांचा हात ताटातच थांबला. भुवया वर गेल्या. "आलो," ते म्हणाले, आणि हात न धुता उठून बाहेर चालायला लागले.

"जेवण टाकून उठू नये," हेरेकरबाई म्हणाल्या. पण ते दारातून गेले होते.

मी त्यांच्या मागं धावले, जितकं धावता येत होतं तितकं. रफिकनं मला मागच्या बाकड्यावर चढवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. मगदूम अनवाणीच मागं उभे राहिले, दोन्ही तळवे मागच्या फळीला लावून. मी त्यांच्याकडे तोंड करून बसले होते. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्यावर काही नव्हतं.

त्यांनी जोर लावला. जीप हलली, खोकली, थांबली.

परत जोर लावला. कपाळावर शीर उभी राहिली. जीपनं गचका दिला आणि थांबली.

"रफ्या, सेकंडला टाक की!" मगदूम ओरडले.

तो त्यांचा आवाज होता. मी तोंडावर हात दाबून धरला.

"टाकलाय की!"

"काय टाकलाय, कप्पाळ! क्लच धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडू नको. अजून नाही... अजून नाही... ए, माझी बाय, चल, चल की... आता सोड!"

चेहरा लाल झाला होता, केस डोळ्यांवर आले होते, दात बाहेर. तेव्हा मला कळलं काय चाललंय ते. या खटाऱ्याला माणूस लागत होता. पुरता, घामासकट, शिव्यांसकट. पांढरीला तो कधी नकोच होता. तिला फक्त आणून सोडायला कुणीतरी हवं होतं.

इंजिन धडधडून पेटलं. मगदूमांनी मान वर केली आणि मला पाहिलं.

"शैला? तू इथं कशी?"

"चढा वर!" मी ओरडले. "चढा आधी!"

"पळत या साहेब!" रफिक पुढून ओरडला. "थांबिवली तर परत बंद पडंल!"

जीप निघाली होती. ते हसत मागून पळायला लागले. फळी त्यांच्या बोटांना लागतच होती, तेवढ्यात फाटकातून हाक आली.

"अहो."

मोठ्यानं नव्हती. जेवायला बोलवावं तशी होती. मगदूम जागच्या जागी थांबले.

"अहो!" मी ओरडले. "अहो, या ना!"

"अहो," मागून बाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फाटकाकडं, मग परत माझ्याकडं. दोन्हीकडून एकच हाक, आणि दोन्हीकडं एकेक बायको. त्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरायला लागला होता. जीप पुढंच जात होती. आमच्यातला रस्ता वाढत चालला, धुकं त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं असं आई सांगायची, आणि मी गणित शिकवणारी असले तरी ते कधी मोडलं नव्हतं. कोण कशाला मोडेल? एवढ्या तेवढ्यासाठी नवऱ्याचं आयुष्य कोण पणाला लावेल?

मी बाकड्यावर गुडघे टेकून उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा श्वास घेतला.

"भूपाल!"

ते दचकले. झोपेतून ओढून उठवल्यासारखे. "ओ!" म्हणाले, आणि धावत सुटले. कसे धावले ते धावले, फळी पकडली, पाय घासत गेले, आणि मी त्यांच्या शर्टाला धरून जो हिसका दिला तो अजून माझ्या खांद्यात आहे. ते माझ्या मांडीवर येऊन पडले. धापा टाकत होते, हसत होते.

"नावानं हाक मारलीस?" ते म्हणाले. "अगं, कुणी ऐकलं तर?"

ऐकलं होतं.

मागं धुक्यात फाटक दिसेनासं होत होतं. तिथून माझ्याच सुरात, नुकतंच शिकलेलं म्हणून बघावं तशी, हाक आली.

"भूपाल."

मगदूमांचं हसू थांबलं. त्यांची मान वळायला लागली. मी दोन्ही तळव्यांनी त्यांचे कान दाबून धरले, तोंड माझ्याकडं फिरवलं आणि आजरा येईपर्यंत हात काढले नाहीत. सबंध रस्ता रफिक सनई वाजवत राहिला.

पांढरी गाडी आणायला आम्ही गेलो नाही. बूटही तिथंच राहिले. मुलीच्या वेळी दवाखान्यात जाताना, आता आमची झालेली लाल जीप भर बाजारात बंद पडली आणि भाजीवाल्यांनी ती ढकलत दवाखान्याच्या दारात नेली. मी कळा सोसत सगळ्यांना शिव्या देत होते, आणि मागून ढकलणाऱ्यांत मगदूमांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

हेरेकरबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मगदूमही निवृत्त झाले. संध्याकाळी पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसतात, आणि कधीकधी मध्येच मान वर करतात.

"कुणी हाक मारली का गं?"

"नाही."

"नावानं मारली."

मी परत नाही म्हणते आणि त्यांचा हात धरून त्यांना आत नेते. मला ती ऐकू आलेली असते.